दोन सेकंदांची उसंत

कंपनीत त्यांना सगळे काचकाका म्हणायचे. काचेचं दुकान वगैरे काही नव्हतं त्यांचं. गाडीच्या खिडकीची काच बटण दाबल्यावर वर-खाली होते ना, ती किती जोरानं जावी, कुठे थांबावी, मध्ये काही आलं तर काय करावं, हे ठरवणारा प्रोग्राम त्यांनी लिहिला होता आणि अठ्ठावीस वर्षं तोच सांभाळत होते. एवढ्याशा गोष्टीला अठ्ठावीस वर्षं कशाला लागतात, असं त्यांच्या मेव्हण्यानं एकदा जेवताना विचारलं होतं. "माणसाला लागतात तेवढीच," काका म्हणाले आणि त्यांनी भात वाढून घेतला.

काम मात्र चोख. त्यांच्या प्रयोगशाळेत गाडीचं एक सुटं दार लोखंडी चौकटीत उभं केलेलं असे, मागेपुढे गाडी नाही. यंत्रानं काचेचा जोर मोजून झाला, आकडे वहीत उतरले, की काका स्वतःची डावी करंगळी वरच्या फटीत धरत आणि बटण दाबत. काच करंगळीला टेकली की मुकाट्यानं उलटी फिरून खाली गेली पाहिजे. गेली तर पास. "यंत्राला दुखत नाही," ते म्हणायचे. त्या करंगळीचं नख बारा महिने काळंनिळं.

"काका, करंगळीचा विमा उतरवलाय का?" नवीन आलेली मुलं विचारत.

"तुझ्या जिभेचा उतरव आधी. तीच जास्त चालते."

असं सगळं बरं चाललं होतं. मग कंपनीनं ठरवलं की आता सगळ्या गाड्यांना मिळून एकच प्रोग्राम.

हे काय प्रकरण आहे ते एकदाच सांगून टाकायला हवं. गाडीत एक मोठा संगणक असतो असं आपल्याला वाटतं. तसं नव्हतं. एकेका गाडीत अडुसष्ट छोट्या पेट्या होत्या. काचेची एक, पाणी पुसणाऱ्या काडीची एक, दिव्यांची एक, सीट गरम करायची एक. प्रत्येकीतला प्रोग्राम वेगळ्या माणसानं, वेगळ्या साली, आपापल्या तऱ्हेनं लिहिलेला. एका घरात अडुसष्ट सुना आणि प्रत्येकीची चूल निराळी. शिवाय गाड्यांची मॉडेलं अकरा. कुठे एक स्क्रू इकडचा तिकडे झाला तरी अकरा ठिकाणी धावाधाव. तेव्हा या पेट्या मोडीत काढायच्या, एकच मोठा संगणक बसवायचा आणि त्यावर सगळ्या मॉडेलांना चालेल असा एकच प्लॅटफॉर्म. कल्पना वाईट नव्हती. काकांनाही ती वाईट वाटली नाही. हे मुद्दाम सांगितलेलं बरं, कारण पिकल्या केसांचा माणूस नव्याच्या नावानं बोटं मोडणारच, असं लोक धरूनच चालतात. उलट पहिल्या बैठकीत काका म्हणाले, "हे पंधरा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं."

या कामाची प्रमुख होती एक छत्तीस वर्षांची बाई. तिला सगळे पाठीमागे चाळणीबाई म्हणत आणि तिला ते माहीत होतं. शिकाऊ म्हणून ती आली ती काकांच्याच हाताखाली. जुन्या अडुसष्ट पेट्यांतली प्रत्येक ओळ तिनं तक्त्यात उतरवून घ्यायला लावली होती. ओळीसमोर एक रकाना: कारण. ही ओळ का आहे, कशावरून. रकाना भरला तर ओळ नव्या प्लॅटफॉर्मवर जाणार, नाहीतर चाळणीच्या वरच राहणार. तिचं म्हणणं तीन शब्दांचं. कारण नाही? गाळली.

काकांच्या दोनशे चौदा ओळी होत्या. दोनशे तेरांसमोर कारण, तारीख, मोजमाप, सगळं मोत्यासारखं लिहिलेलं. एकशे एक्केचाळिसावीसमोर रकाना कोरा.

ती ओळ अशी: तिसऱ्यांदा जोर लावताना, वर चार बोटं अंतर उरलं की दोन सेकंद थांब, आवाज दे, मग पुढे जा.

तिसऱ्यांदा म्हणजे काय, तर कडाक्याच्या थंडीत खिडकीच्या कडेचं रबर आखडतं. काच वर जाते, रबराला अडते, तिला वाटतं कुणाचं तरी बोट आहे, आणि ती खाली येते. बोट नसतंच. गाडीवाला पुन्हा दाबतो, पुन्हा तेच. माणूस थंडीत कुडकुडतोय आणि खिडकी लागत नाही. म्हणून फार पूर्वी काकांनीच नियम केला होता: लागोपाठ तिसऱ्यांदा बटण दाबलं आणि दाबून धरलं, तर काचेनं कुणाचं ऐकायचं नाही. पूर्ण जोरानं वर जायचं. दोन सेकंदांची उसंत त्या नियमात नंतर आली. ती का आली, ते काकांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

शुक्रवारच्या बैठकीत चाळणीबाईंनी ती ओळ चर्चेला काढली.

"काका, एकशे एक्केचाळीस."

"हं."

"रकाना कोरा आहे."

"राहू दे की गं. दोनच सेकंद आहेत."

"या दोन सेकंदांवर आजवर तीनशेच्या वर तक्रारी आल्यात. एका गृहस्थांनी लिहिलंय, तुमची काच अर्ध्या वाटेत विचारात पडते."

सगळे हसले. काकाही हसले, पण ओठांनी.

"आणि आता एकट्या काचेचा प्रश्न नाही," ती म्हणाली. "नव्या प्लॅटफॉर्मवर काच, छत, डिकी, जे जे बंद होतं त्या सगळ्याला एकच नियम. तुमची उसंत ठेवायची तर ती सगळीकडे तपासायला हवी, अकराही मॉडेलांत. मी ते करीन. पण कारण हवं. तुम्हीच शिकवलंत ना, कारण लिहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही? माझा पहिला कागद एवढ्यासाठी तीनदा परत केला होतात. रडले होते मी."

"कुणाचं बोट असेल म्हणून," काका म्हणाले.

"बोट असेल तर काच पहिल्यांदा खाली येते. दुसऱ्यांदाही येते. दोनदा परत आल्यावर माणूस मागे वळून बघेल की नाही? न बघता तिसऱ्यांदा दाबून धरणारा माणूस कोण? मला एक उदाहरण द्या. एकच. आत्ता लिहून घेते."

काका कपातल्या चहाकडे बघत राहिले. त्यावर साय धरली होती.

"इतकं येडं कोण असतंय हो काका," दिव्यांच्या पेटीवाला समजुतीच्या सुरात म्हणाला. त्याला ओळीमागून ओळी संपवायच्या होत्या.

"बघतो," काका म्हणाले.

"सोमवारी पाचला यादीला कुलूप लागतंय." चाळणीबाईंचा आवाज खाली आला. "मग मलासुद्धा ते उघडता येणार नाही."

इतकं येडं कोण असतं, ते काकांना माहीत होतं. रोज दाढी करताना ते त्याच्याच गालाला साबण लावत होते.

सव्वीस वर्षांपूर्वीची थंडी. नव्या मॉडेलची चाचणीची गाडी काकांनी शनिवारी फाटकाबाहेर काढली, चिठ्ठीवर 'थंड सकाळी काच तपासणे' असं लिहून. तेवढं खरं होतं. गाडी घरी न्यायची नाही आणि घरच्या माणसांना तिच्यात बसवायचं नाही, हाही नियम होता. नोकरी जाण्याइतका मोठा. पण नवी कोरी गाडी, अजून जगानं न पाहिलेली, आणि घरात बायको आणि साडेतीन वर्षांची लेक. कुणाला मोह होणार नाही? रविवारी सकाळी त्यांनी लेकीला मागच्या सीटवर बसवलं. तिला ते ठकी म्हणायचे, कारण ती गुटगुटीत होती आणि बाहुलीसारखी एका जागी बसायची. त्या दिवशी मात्र नाही बसली. बायको कानटोपी विसरली म्हणून वर गेली होती.

काकांनी पुढे बसून मागच्या काचेचं बटण दाबलं. काच वर गेली आणि खाली आली. रबर, काका मनात म्हणाले. अपेक्षित होतं. पुन्हा दाबलं. पुन्हा खाली आली. मागे ठकी खिदळत होती. काका खूष झाले. पोरीलाही गाडी आवडली. तिसऱ्यांदा त्यांनी दाबलं आणि दाबून धरलं, आपलाच नियम आपण वापरून बघावा म्हणून. नजर मांडीवरच्या वहीत होती. वेळ लिहीत होते.

ठकीला खेळ सापडला होता. हातात लोकरीचे मोजे. हात वर ठेवला की काच शहाण्यासारखी खाली जाते. दोनदा गेली. तिसऱ्यांदाही जाईल असं तिला वाटलं, यात तिची काय चूक? यंत्रानं काकांना दोनदा सांगितलं होतं की अरे, बोट आहे, बोट आहे. पण त्यांनी मागे पाहिलं नाही, कारण काच का परत येते ते त्यांना माहीत होतं. दुसरा कुणी अडाणी बाप असता तर वैतागून वळला असता. हे जाणकार.

उजव्या हाताच्या अनामिकेचं वरचं पेर गेलं.

दवाखान्यात जाताना रस्ताभर काका एकच वाक्य बडबडत होते, "या गाडीत होतो हे कळलं तर संपलं, या गाडीत होतो हे कळलं तर संपलं." बायको पोरीला छातीशी धरून बसली होती. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? काकांनी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "माझ्याकडून गाडीचं दार लागलं." ती तर तेव्हा जिन्यातही नव्हती. डॉक्टरांनी तेच लिहिलं. खोटं ती बोलली. काकांनी फक्त चालू दिलं. फरक आहे, पण त्यात काकांना घेण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही ओळ लिहिण्याची. चार बोटं, दोन सेकंद, एक आवाज. कुणीतरी ओरडेल, कुणीतरी वळेल, एवढाच वेळ. कारणाचा कागद कोरा ठेवला.

खोटं एकदा सांगितलं की सांभाळावं लागतं. बायकोनं ते घरातल्या पितळेच्या भांड्यासारखं घासूनपुसून ठेवलं. त्यानंतर तिनं कुठल्याही गाडीच्या दाराला हात लावला नाही. आत बसायची, दोन्ही हात मांडीवर ठेवायची आणि काका वळसा घालून येऊन तिचं दार लावायचे. नातेवाइकांत याचं कोण कौतुक! "असा नवरा मिळायला नशीब लागतं," शेजारीण म्हणायची. बायको हसायची.

ठकी मोठी झाली. हुशार, तोंडानं तिखट. बापाची लाडकी. आईच्या हातून कप फुटला, दूध उतू गेलं, की ती चार बोटं आणि एक थोटूक वर करून म्हणायची, "आई, तुझ्या हाताचा पराक्रम माहीत आहे मला." कधी हसून, कधी न हसता. बापाला मात्र म्हणायची, "बाबांचं लक्ष असतं." काका तेव्हा पेपर उघडून बसायचे. रात्री कधी ते बायकोला म्हणत, "सांगू का तिला?"

"आता सांगून काय करणार?" ती म्हणायची. "एकाच्या जागी दोघं वाईट होऊ. आई-बापातलं एक तरी तिला धड राहू द्या."

काकांना हे पटायचं. सोयीचं होतं म्हणून पटायचं.

ठकी फिजिओथेरपिस्ट झाली. लोकांचे आखडलेले खांदे, गुडघे त्याच हातांनी सोडवू लागली. लग्न झालं, मुलगी झाली. बायको आजी झाली, पण नातीजवळ ती एकटी अशी कधी राहिली नाही. ठकीनं राहू दिलं नाही. भांडण नाही, कांगावा नाही. फक्त दर वेळी कुणीतरी तिसरं माणूस खोलीत असे. दोन वर्षांपूर्वी बायको गेली. आजार तीन आठवड्यांचा. ठकीनं सेवा केली, पाय चेपले, सगळं केलं. रडली मात्र बेतानं. काकांनी ते बघितलं आणि तेव्हाही ते बोलले नाहीत.

तर हे उदाहरण. चाळणीबाईंना एकच हवं होतं.

रविवारी सकाळी काका लेकीकडे गेले. तिसरा मजला, दाराशी छोट्या चपला. जावई कामावर होता. नात जमिनीवर लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचत बसली होती; चार वर्षांची, जीभ बाहेर काढून.

"आजोबा, हात लावायचा नाही. पडेल."

"नाही लावत."

"बाबा, कळवायचं तरी," ठकी आतून म्हणाली. "चहा टाकते. जेवूनच जा."

"चहा नको. तू बस जरा."

"काय झालं? तब्येत?"

"तब्येतीला काय धाड भरलीय. बस."

ती ओट्याला टेकून उभीच राहिली. काकांनी सांगायला सुरुवात केली आणि पहिली पाच मिनिटं नुसतं रबरच सांगितलं. थंडीत रबर कसं आखडतं, काच कशी परत येते, पहिल्यांदा, दुसऱ्यांदा.

"बाबा, मला का सांगताय हे?"

"तुझं बोट दारात गेलं नव्हतं."

ठकीनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"काचेत गेलं. बटण मी दाबत होतो. मागे बघितलं नाही. तुझी आई तिथे नव्हतीच. ती तुझी कानटोपी आणायला वर गेली होती."

ओट्यावर नळ ठिबकत होता. तिनं मागे हात करून तो पिरगाळून बंद केला.

"निळी होती का काच?" तिनं विचारलं. "वरची कड. निळसर."

"हो. त्या मॉडेलला तसा रंग होता."

"मी हात ठेवला की ती खाली जायची." ती काकांकडे बघत नव्हती. "मला हे आठवतं. नेहमी आठवतं. सहावीत असताना मी आईला विचारलं होतं, आई, काच होती का गं? ती म्हणाली, स्वप्न पडलं असेल तुला. वेणी घालत होती माझी. जरासुद्धा थांबली नाही हो ती."

"मीच..."

"थांबा." तिनं हात वर केला, तोच हात. "हिला सहा महिने झाले होते, तेव्हा आई आली होती. तुम्ही पण होतात. म्हणाली, बाळाला खाली बागेत फिरवून आणते, दहा मिनिटांत येते. चपला घातलेल्या होत्या तिनं. आणि मी काय म्हटलं, आठवतं?"

काकांना आठवत होतं.

"मी म्हटलं, तुझ्या भरवशावर नको. तिनं चपला काढल्या आणि जोड सरळ करून ठेवला. मग बाहेर जिन्यात जाऊन बसली. तुम्ही इथे बसला होतात बाबा, या खुर्चीत. पेपर वाचत होतात."

"हो."

"पान तरी उलटलंत का हो?"

नात म्हणाली, "आई, ओरडू नको, मनोरा पडेल." ठकी ओरडत नव्हती. तिचा आवाज उलट बसला होता.

मग ती म्हणाली, "आज का? ती गेली तेव्हा नाही सांगितलंत. तिच्या उशाशी मी तीन आठवडे होते, तेव्हा नाही. आज काय आहे?"

काकांनी खरं ते सांगितलं. यादी, रकाना, सोमवार, पाच वाजता. अकरा मॉडेलं. कारण लिहिलं नाही तर ओळ जाणार, आणि पुढच्या थंडीत कुठलातरी जाणकार बाप पुन्हा मागे न बघता बटण दाबणार.

"म्हणजे माझ्यासाठी नाही," ती म्हणाली. "आईसाठीही नाही. काचेसाठी आलात."

होतं तसंच होतं ते.

ठकी आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दवाखान्याचा जुना कागद होता, घड्यांवर फाटत आलेला. तो तिनं टेबलावर ठेवला आणि शेजारी उजवा हात पालथा ठेवला.

"फोटो घ्या. पुरावा लागत असेल ना तुमच्या रकान्याला."

काकांनी फोन काढला. पहिला फोटो हलला, दुसराही. तिसरा बरा आला.

"आणि त्यात माझं एक वाक्य घालायचं," ती म्हणाली. वाक्य तिनं सांगितलं. काकांनी खिशातल्या वहीत लिहून घेतलं, वेळ लिहीत तशाच बारीक अक्षरात.

"आता जा, बाबा. मी फोन करीपर्यंत येऊ नका."

"आजोबा चालले?" नातीनं विचारलं. "मनोरा नाही बघितला."

"बघितला," काका म्हणाले. "छान आहे." ठकीनं दार उघडून धरलं होतं. ते बाहेर पडल्यावर तिनं ते लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी दुपारी तीनला काकांनी चाळणीबाईंसमोर कागद ठेवला. तिनं उभ्यानं वाचायला घेतला आणि मग खुर्ची ओढून बसली.

"कारण: थंड सकाळ. चालक: बाप, काच प्रणालीचा लेखक; चाचणीची गाडी घरी नेलेली. मागे: मुलगी, वय साडेतीन, हातात लोकरीचे मोजे. काच दोनदा परत आली. रबर आखडलं आहे असं चालकानं धरलं, कारण त्याला ते ठाऊक होतं. मुलगी हसत होती. चालकानं तिसऱ्यांदा बटण दाबून धरलं. मागे पाहिलं नाही. उजवी अनामिका, वरचं पेर. काच आधी थांबली असती तर मुलीनं हात काढला असता किंवा चालक वळला असता. दोन्हीला दोन सेकंद पुरतात." खाली सही, तारीख, फोटो. आणि त्याखाली आणखी एक वाक्य.

"काका," ती म्हणाली, आणि तिनं फोटो जवळ ओढून पाहिला. मग कामाच्या आवाजात, "दवाखान्याच्या कागदावर दार लिहिलंय."

"तो कागद खोटा आहे. आम्हीच खोटं सांगितलं."

"चाचणीची गाडी घरी नेली होतीत हेही आलंय यात. हे वर जाईल. निवृत्तीला चार महिने राहिलेत तुमचे."

"जाऊ दे वर."

"मी ते चालकाचं वाक्य वगळून..."

"वगळलंस तर तिथे कोण चालवत होतं ते कसं सांगणार? तूच म्हणालीस, असं कोण करेल, एक उदाहरण द्या. घे. हे मीच."

तिनं कागद दिव्यांच्या पेटीवाल्याकडे दिला. तक्त्यात टंकायचं काम त्याच्याकडे होतं. तो टंकत गेला. शुक्रवारी आपण काय बोललो ते त्याला बहुधा दुसऱ्याच ओळीला आठवलं, कारण त्याचे कान लाल झाले आणि त्यानं मान वर केली नाही. शेवटी आला तेव्हा अडखळला.

"मॅडम, हे खालचं वाक्य... हे तांत्रिक नाही. नियमाप्रमाणे काढावं लागेल. काढू?"

चाळणीबाईंनी त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं. ते वाक्य असं होतं: 'दार माझ्या आईनं लावलं नव्हतं.'

"नको," ती म्हणाली. "कारणाचाच भाग आहे तो."

"पण तपासणीवाले विचारतील, आई कोण?"

"विचारू देत. मी सांगीन. तू टंक."

पाच वाजता यादीला कुलूप लागलं. ओळ क्रमांक एकशे एक्केचाळीस अकराही मॉडेलांत गेली. तिच्यापाठी तिचं कारण गेलं, आणि कारणापाठी ते वाक्य. आता यातली कुठलीही गाडी कुठेही विकली जावो, कुणी अभियंता कधीतरी ही उसंत इथे का आहे म्हणून शोधायला गेला की त्याला ते सापडणार. जिला ते ऐकायला हवं होतं, ती सोडून सगळ्यांना.

चार दिवसांनी मोठ्या साहेबांनी काकांना बोलावून घेतलं. साहेब बोलले सभ्यपणे. काकांनी पुढच्या महिन्यापासून यायचं नाही असं ठरलं. निरोपाचा समारंभ नको, असं काका स्वतःच म्हणाले. कुणी फार आग्रह केला नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी सुटं दार पुसून ठेवलं, वह्या चाळणीबाईंच्या टेबलावर ठेवल्या. ती जागेवर नव्हती, बैठकीत असेल. वाहनतळावर गाडीपाशी येईपर्यंत फोन वाजला. ठकीचा संदेश होता. इतक्या दिवसांतला पहिला.

"लिहिलंत?"

"लिहिलं," काकांनी कळवलं.

"माझं वाक्य?"

"आहे. सगळ्या गाड्यांत."

तिनं ते वाचल्याची खूण आली. ती पुढे काही लिहीत असल्याचे ठिपके आले, गेले, पुन्हा आले. काका उभे राहिले. ठिपके गेले आणि मग आले नाहीत. दहा मिनिटं उभे होते. शेजारच्या गाड्या निघून गेल्या, एकानं हॉर्न वाजवून हात केला.

मग त्यांनी फोन खिशात टाकला आणि गाडीला वळसा घालून सवयीनं बायकोच्या बाजूचं दार लावायला गेले. ते लावलेलंच होतं.